माळाला लागून प्लॉट घ्यायचाय? मग कवठे येमाईच्या आसपास काय चाललंय ते आधी वाचा

पुणे-नगर रस्त्यावर वाघोली सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच धर्तीचे होर्डिंग दिसायला लागतात. हिरवंगार गवत, त्यावर छोटा बंगला, मागे डोंगराची रेघ आणि खाली फोन नंबर. 'निसर्गाच्या सान्निध्यात एनए प्लॉट', 'हप्त्यावर फार्महाऊस', 'गुंतवणुकीची शेवटची संधी'. ही संधी गेली कित्येक वर्षं शेवटचीच आहे.

पूर्वी हे होर्डिंग शिक्रापूर, सणसवाडीपर्यंत थांबायचे. आता ते शिरूरच्या आतल्या गावांपर्यंत आलेत. रांजणगाव एमआयडीसीत काम करणारे, पुण्यात फ्लॅट न परवडणारे, निवृत्तीनंतर 'शांत जागा' शोधणारे असे सगळेच मग मलठण, पाबळ, कान्हूर मेसाई, कवठे येमाई या पट्ट्यात चौकशी करताना दिसतात. त्यात पुणे ते शिरूर अशा सुमारे ५३ किलोमीटरच्या उन्नत मार्गाची घोषणा झाल्यापासून तर 'रस्ता झाला की भाव डबल' हे वाक्य एजंटांच्या तोंडी पाठच झालंय.

जागा दाखवायला नेतात ती बहुतेक वेळा माळाची. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मध्ये चार बाभळी, कुठे हिवर. बघणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर मोकळीच पडलीये.

गडबड होते ती याच 'मोकळीच पडलीये' मध्ये.

आधी गाव समजून घ्या

कवठे येमाई शिरूर तालुक्याच्या उत्तर-पश्चिम बाजूला आहे. येमाई देवीचं गाव, आणि तमाशाच्या जगात कलावंतांचं गाव म्हणूनही ओळख. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. पण जमिनीच्या दृष्टीने या गावाची गंमत वेगळी आहे. ते दोन वेगळ्या जगांच्या मध्ये बसलंय.

एका बाजूला घोड नदीचा पट्टा. पिंपरखेड, जांबुत ही गावं त्यातली. डिंभे धरण आणि कुकडी प्रकल्पामुळे इथे पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे साखर कारखाने. दुसऱ्या बाजूला कान्हूर मेसाई, पाबळ, केंदूरकडचा कोरडा पट्टा. इथला शेतकरी वर्षानुवर्षं पाण्यासाठी भांडतोय. हा सगळा पर्जन्यछायेचा भाग. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि इथे उरलंसुरलं पोचतं.

ज्या जमिनीला पाणी मिळालं तिथे ऊस उभा राहिला. ज्या जमिनीला मिळालं नाही ती माळ म्हणून राहिली, स्वस्त राहिली आणि म्हणूनच ती आता प्लॉटिंगला येतेय. म्हणजे होर्डिंगवरचा बंगला बांधला जातो तो बऱ्याचदा ऊस आणि माळ यांच्या बरोब्बर सीमेवर. ही सीमारेषा पुढे लक्षात ठेवा, कारण बिबट्याचा सगळा विषय तिच्यावर येऊन थांबतो.

माळ म्हणजे पडीक जमीन, हे ठरवलं कुणी?

इंग्रजांना शेतसारा हवा होता. सारा देते ती कामाची जमीन, लाकूड देते ते जंगल आणि दोन्ही देत नाही ती पडीक, असा सरळ हिशोब होता. साहेब गेला, हिशोब राहिला. आजही देशाचा अधिकृत पडीक जमिनींचा नकाशा निघतो आणि त्यात गवताळ माळांचे मोठमोठे पट्टे 'पडीक' म्हणून रंगवलेले असतात.

त्यात आणखी एक समज घट्ट बसला. इथे आधी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं, मेंढरांनी खाल्लं म्हणून माळ झाला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसरमधले दिग्विजय पाटील यांनी हा समज तपासायला चक्क जुनं मराठी साहित्य हाती घेतलं. तेराव्या शतकापासूनचे ग्रंथ, लोककथा, ओव्या यांत कुठली झाडं येतात, कुठलं गवत येतं, गुरं कुठे चरतात हे त्यांनी शोधलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातला हा माळ किमान ७५० वर्षं माळच आहे. हिवर, बाभूळ अशी काटेरी, उघड्यावरची झाडं त्या जुन्या मजकुरात सापडतात, घनदाट रानातली नाहीत. थोडक्यात ज्ञानेश्वरांच्या काळातला माणूस आज शिरूरच्या माळावर आणून उभा केला, तर त्याला भोवतालचं गवत अनोळखी वाटणार नाही. होर्डिंग मात्र वाटेल.

या गवतावर लांडगा, खोकड, तरस, ससा आणि काही भागांत चिंकारा जगतो. चंडोल, धाविक असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, झाडावर नाही. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुप्याला अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचं मयुरेश्वर अभयारण्य आहे, ते १९९७ साली चिंकारासाठीच जाहीर झालं. वनविभाग आता बारामतीत शिर्सुफळला आणि इंदापुरात कडबनवाडीला गवताळ प्रदेशाची सफारी चालवतो. लोक पैसे भरून माळ बघायला जातात. तोच माळ शिरूरमध्ये 'काही नाही हो, नुसता माळ आहे' म्हणून विकला जातो.

आणि तो फक्त प्राण्यांचाही नाही. पावसाळा सरला की धनगरांचे कळप या रानांतून फिरतात. शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत मिळवायचं आणि बदल्यात धान्य-पैसे द्यायचे, हा शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातला जुना व्यवहार. प्लॉटिंगवाल्याने चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं की पहिली वाट बंद होते ती या कळपांची.

विलायतेत माळाला लागून घर घ्यायचं झालं तर?

इंग्लंडमध्येही असाच प्रकार आहे, त्याला ते हीथ म्हणतात. वालुकामय निकस जमीन, त्यावर जांभळ्या फुलांची खुरटी झुडपं. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे, हॅम्पशायर, बर्कशायर या भागांत हा हीथ पसरलाय आणि त्याच्या कडेने भरपूर उपनगरं वाढलीत. एके काळी तिकडेही हीथ म्हणजे बिनकामाची जमीनच होती.

२००५ मध्ये 'थेम्स बेसिन हीथ्स' नावाने तो पक्ष्यांसाठी संरक्षित झाला. नंतर नियम आला, की हीथच्या हद्दीपासून ४०० मीटरच्या आत नवीन घर नाही. ४०० मीटरच का? कारण तिथले काही दुर्मीळ पक्षी जमिनीवर किंवा जमिनीलगतच्या झुडपात घरटं करतात आणि घर आलं की मांजर येतं, कुत्रं येतं, संध्याकाळचा फेरफटका येतो. ४०० मीटर ते ५ किलोमीटरच्या पट्ट्यात घरं बांधता येतात, पण बिल्डरला लोकांना फिरायला पर्यायी मोकळी जागा द्यावी लागते. प्रमाण ठरलेलं आहे, हजार नवीन रहिवाशांमागे किमान ८ हेक्टर.

शिरूरच्या माळाला असा कुठलाच नियम नाही. अभयारण्य असेल तर त्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र येतं, वनजमीन असेल तर वन कायदा येतो. पण खासगी मालकीच्या गवताळ माळाला 'माळ' म्हणून कायद्यात जागाच नाही.

मग भरपूर संरक्षण द्यावं, प्रश्न मिटला? तेही इतकं सोपं नाही, आणि याचा अनुभव शिरूर-दौंडच्या शेजारच्या श्रीगोंद्याने घेतलाय. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. श्रीगोंदा, कर्जत, करमाळा, माढा, मोहोळ असे तालुके त्यात आले. कागदावर गावंच्या गावं, शेतंच्या शेतं अभयारण्यात. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवानगी, उद्योग, सगळ्यावर निर्बंध. लोकांचा राग पक्ष्यावर निघायला लागला. शेवटी सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणलं गेलं. तोवर माळढोकच जवळजवळ दिसेनासा झाला होता. एकीकडे नियमच नाही, दुसरीकडे असा नियम की ज्याने ना पक्षी वाचला ना माणूस खूश झाला. ४०० मीटरसारखा मधला, मोजूनमापून ठरवलेला मार्ग आपल्याकडे कुणी काढलाच नाही.

आता पैशाचा विषय: स्वस्त प्लॉट नेमका कशामुळे स्वस्त असतो?

एक चांगली बाजू आधी सांगायला हवी. घर बांधायला माळाची जमीन वाईट नसते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. मुरूम तसं करत नाही, पाया पक्का बसतो. त्यामुळे 'माळावर घर टिकत नाही' वगैरे कुणी सांगितलं तर त्यात तथ्य नाही.

तडे जातात ते कागदात.

समजा, रांजणगावच्या कंपनीत नोकरी करणारं एक जोडपं आहे. दोघांच्या पगारातून साठवलेले काही लाख आहेत आणि त्यांना दोन गुंठे दाखवलेत. एजंट म्हणतो, खरेदीखत करून देतो, सातबाऱ्यावर नाव लावून देतो, काळजी नसावी. इथे चार वेगवेगळे सापळे असू शकतात.

पहिला, जमीन शेतीची आहे का. महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकरीच घेऊ शकतो. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ हे सांगतं. घरात कुणाच्याच नावावर शेती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे अडचणीत येतो. एजंट यावर 'दाखला काढून देतो' असं म्हणाला तर तिथूनच परत फिरावं, कारण खोटा शेतकरी दाखला सापडला की जमीनही जाते आणि वर गुन्हाही दाखल होऊ शकतो.

दुसरा, तुकडेबंदी. १९४७ पासून राज्यात तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बदललं, जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे. याच्या खालचा तुकडा शेतजमीन म्हणून विकता येत नाही. मग दोन गुंठे कसे विकले जातात? युक्ती अशी. दहा-अकरा जण एकत्र आणायचे, सगळ्यांच्या नावाने मिळून ११ गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं. कागदावर सगळे सामाईक मालक. कोणाचा तुकडा कुठला, हे फक्त एजंटच्या वहीतल्या पेनाच्या नकाशावर. एकाला घर बांधायचं, दुसऱ्याला विकायचंय, तिसऱ्याने रस्त्यात भिंत घातली, असं झालं की सातबारा काहीच बोलत नाही. त्याच्या लेखी कुणाचाच तुकडा वेगळा नसतो. बँकाही अशा तुकड्यावर गृहकर्ज द्यायला सहसा तयार होत नाहीत, आणि मग लोक सोनं मोडतात किंवा पतसंस्थेतून जास्त व्याजाने उचलतात.

इथे कुणीतरी म्हणणार, 'पण सरकारने तुकडेबंदी उठवली ना?' नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश आला हे खरं. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. पण कुठले? महापालिका, नगरपालिका, नगरपंचायती, विकास प्राधिकरणं यांच्या हद्दीतले आणि प्रादेशिक आराखड्यात निवासी, व्यापारी अशा बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या भागातले. एक तर तारीख संपली आहे, आज घेतलेला तुकडा त्यात बसत नाही. दुसरं म्हणजे आराखड्यात जी जमीन 'शेती विभाग' म्हणून रंगवलीये तिला हा फायदा नाही. पुन्हा शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा काहीच भाग पीएमआरडीएमध्ये येतो, पूर्ण तालुका नाही. त्यामुळे 'शिरूर पीएमआरडीएत आहे' या एका वाक्यावर पैसे देऊ नयेत. गट नंबर घेऊन तो कुठल्या विभागात येतो याचा झोन दाखला काढावा लागतो.

तिसरा सापळा 'एनए' या शब्दाचा. एनए म्हणजे फक्त जमिनीचा वापर बदलला. लेआउट मंजूर आहे, रस्ते आखलेत, बांधकामाची परवानगी मिळेल, पाणी येईल, यातलं काहीही त्या दोन अक्षरांत येत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना कायद्याने सवलत दिलीये, पण माळावरचे प्लॉट बहुतेकदा गावठाणापासून लांब असतात. आणि ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते, हे फ्लॅटइतकंच प्लॉटलाही लागू आहे. नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे तक्रार करतानाही अडचण. क्रमांक असेल तर तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशा बघता येतो, फुकट.

आणि चौथा सापळा सगळ्यात महागाचा. जमीन मुळात विकणाऱ्याची आहे का?

माळ म्हटला की त्यात तीन प्रकारच्या जमिनी शेजारी शेजारी असतात. खासगी, गायरान आणि वनखात्याची. डोळ्यांना तिन्ही सारख्याच दिसतात, तेच गवत, तीच बाभूळ. मध्ये दगडाचा एखादा हद्दीचा खांब असला तर असला.

गायरान म्हणजे गावाची सामाईक जमीन. ती विकताच येत नाही. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा राज्यभर गायरानावर घरं बांधलेल्यांच्या पोटात गोळा आला होता. त्या घरांना वीज मीटर होतं, ग्रामपंचायतीची घरपट्टी होती, नमुना ८ ला नोंद होती. त्यातली एकही गोष्ट मालकी सिद्ध करत नाही. नमुना ८ म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची यादी, जमीन कोणाची याचा पुरावा नाही.

वनजमिनीचं काय होतं, ते बघायला पुणे शहरातच कोंढव्याला जाऊ. कोंढवा बुद्रुकची सुमारे २९ एकर जमीन १८७९ मध्ये राखीव वन म्हणून अधिसूचित झालेली. ती महसूल खात्याच्या ताब्यात होती आणि १९९८ मध्ये एका कुटुंबाला शेतीसाठी म्हणून दिली गेली. पुढच्याच वर्षी ती एका गृहनिर्माण संस्थेला विकायला परवानगी मिळाली. २००७ मध्ये मोठ्या बांधकामासाठी केंद्राची पर्यावरण मंजुरीसुद्धा आली. म्हणजे कागद किती तगडे होते बघा. महसूल खात्याचा आदेश, विक्रीची परवानगी, केंद्राची मंजुरी. १५ मे २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हे सगळं बेकायदा ठरवलं आणि जमीन वनखात्याला परत द्यायला सांगितली. शिवाय देशभरातल्या राज्यांना आदेश दिला, की महसूल खात्याकडे राहिलेली राखीव वनजमीन खासगी लोकांना दिली गेली आहे का, हे तपासायला विशेष पथकं नेमा. जिथे जमीन परत घेणं व्यापक जनहिताचं नसेल, तिथे तिची किंमत वसूल करा.

हा आदेश फक्त कोंढव्यापुरता नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही माळावरचा जुना फेरफार आता नव्याने उघडला जाऊ शकतो. त्यामुळे आजचा सातबारा बघून भागत नाही. जुने फेरफार, शक्य तितके मागचे, वाचावे लागतात. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, कुठे 'वन' किंवा 'सरकार' असा शब्द आहे का, जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली. वकिलाकडून शोध अहवाल, भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी आणि शेजारी वनजमीन असेल तर वनखात्याच्या नकाशाशी ताळा. याला खर्च येतो, वेळही जातो. एजंट म्हणतो, 'तोवर दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल.' घेऊन जाऊ दे.

बिबट्या: जो माळावर नाही, तरी माळावर येतो

ऑक्टोबर २०२५. कवठे येमाईच्या शेजारच्या पिंपरखेडमध्ये १२ तारखेला साडेपाच वर्षांच्या मुलीला बिबट्याने मारलं. २२ तारखेला जांबुतमध्ये ८२ वर्षांच्या आजी गेल्या. २ नोव्हेंबरला पुन्हा पिंपरखेड, १३ वर्षांचा मुलगा. तीन आठवड्यांत तीन जीव. गावाचा संयम संपला. वनखात्याची गाडी जाळली गेली, दुसऱ्या दिवशी पुणे-नाशिक महामार्ग मंचरजवळ तासन् तास बंद राहिला. ४ नोव्हेंबरच्या रात्री नेमबाजांनी बिबट्याला ठार केलं. त्यानंतर पिंपरखेडच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकांचे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेले व्हिडिओ देशभर फिरले. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटलं. ज्यांना रोज त्या उसात उतरायचं होतं त्यांच्यासाठी तो हिशोब साधा होता, बिबट्या मान धरतो.

माळाला लागून घर घेणाऱ्याने यातून काय समजायचं?

पहिली गोष्ट ही, की बिबट्या गवताळ माळावर राहत नाही. त्याला आडोसा लागतो आणि तो उसात मिळतो. बाराही महिने कुठल्या ना कुठल्या शेतात उभा ऊस असतो. बिबट्याची मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात. ऊसतोड सुरू झाली की ती बाहेर पडतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात असे बिबटे आहेत ज्यांनी जंगल कधी पाहिलेलंच नाही.

दुसरी गोष्ट, तो माणसासाठी येत नाही. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि भटक्या जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. आता साखळी जोडून बघा. माळावर प्लॉटिंग झालं, वीस घरं आली. कचऱ्याची गाडी येत नाही, कारण ग्रामपंचायतीने ती वस्ती अजून मोजलेलीच नाही. कचरा कोपऱ्यावर पडतो. कचऱ्यावर कुत्री येतात. कुत्र्यांवर बिबट्या. मग कधीतरी अंधारात शौचाला किंवा अंगणात बसलेलं लहान मूल, जे बसल्यावर कुत्र्याएवढंच दिसतं.

याच कुत्र्यांनी माळावरच्या लांडग्याचाही घात केलाय, तो वेगळ्या प्रकारे. पुण्याजवळच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मध्ये स्पष्ट झालं. विलायतेत ४०० मीटरचा नियम कुत्र्या-मांजरांचाच विचार करून आला होता, ते इथे आठवतं.

मग बिबटे पकडून लांब सोडायचे का? हा प्रयोग जुन्नरमध्ये झालेला आहे. २००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले वाढून सरासरी १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात बिथरलेला प्राणी जास्त धोकादायक ठरतो, हा त्यातला साधा निष्कर्ष. त्यामुळे पकडलेल्यांपैकी काही जन्मभरासाठी जुन्नरच्या माणिकडोह निवारा केंद्रात राहतात, पण केंद्राला जागेची मर्यादा आहे. गोळी घालायची तर बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, मुख्य वन्यजीव रक्षकांचा आदेश लागतो आणि तो एका ठरावीक प्राण्यापुरता असतो.

हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं, त्यातला काही भाग रोख आणि उरलेला मुदत ठेवीत. पिंपरखेडच्या घरांना या आकड्याने काय वाटलं असेल, हे लिहायची गरज नाही.

माळाकाठी राहणाऱ्याच्या रोजच्या दिवसात याचा अर्थ बारीकसारीक गोष्टींमध्ये उतरतो. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा अंधारा पट्टा किती लांब आहे. शाळेची गाडी दारात येते की फाट्यावर. संडास घरात आहे की बाहेर. कुत्रं रात्री बांधायचं की आत घ्यायचं. शेजारच्या गटात ऊस लागला तर खिडकी आणि ऊस यांच्यात किती अंतर राहतं. शेतीपंपाला रात्रीची वीज येत असेल तर शेजारचा शेतकरी रात्री दोनला पाणी द्यायला निघतो, तो एकटा असतो. दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याच्या गावांत शेतीपेक्षा जिवाची मागणी झालीये, ती यामुळे.

सापांचंही बोलायला हवं. खडकाळ माळावर फुरसं असतं, शेताकडच्या बाजूला घोणस, नाग, मण्यार. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, पण ते जवळच्या सरकारी रुग्णालयात रात्री मिळतं का आणि तिथपर्यंत गाडीने किती मिनिटं लागतात, हे प्लॉट बघायला गेलेल्या दिवशीच विचारून यावं. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं गवत पेटतं, तेव्हा कुंपणाच्या आतलं गवत कापलेलं असलं तर वणवा तिथे थांबतो. बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे एजंटला नाही, आधीच राहायला गेलेल्या शेजाऱ्याला विचारावं आणि शक्यतो मे महिन्यात विचारावं. पावसाळ्यात बघितलेला प्लॉट सगळ्यांनाच आवडतो.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग घ्यायचंच नाही का? लोक घेणारच आहेत. पुण्यातल्या फ्लॅटचे भाव आणि रांजणगावचे पगार यांचं गणित जुळत नाही तोवर शिरूरच्या माळावर घरं उभी राहणार, आणि पुढच्या वस्त्या ऊस-माळाच्या त्याच सीमेवर येणार. प्रादेशिक आराखड्यात त्या सीमेला वेगळा रंग नाही. ग्रामपंचायतीकडे तिथल्या कचऱ्याची गाडी नाही. वनखात्याला मंजूर लेआउटची प्रत जात नाही, आणि लेआउट मंजूर करणाऱ्या टेबलावर गेल्या दहा वर्षांत बिबट्याने कुठे कुठे हल्ला केला याचा नकाशा नसतो. नमुना ८ ग्रामपंचायतीत, सातबारा तलाठ्याकडे, झोन दाखला नगररचना कार्यालयात, वनाची हद्द वनपरिक्षेत्र कार्यालयात. हे चारही कागद एकत्र ठेवून बघणारा माणूस सध्या एकच आहे, घर घेणारा. आणि त्याला बहुतेकदा विसार दिल्यावरच कळतं की चार कागद होते.